बोट घ्यायची तर आधी तिच्या पोटात हात घालून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात नोकरीला, आजोळ दापोली तालुक्यात. हर्णै-आंजर्ले भागात ठेवायला एक छोटी बोट घ्यायची आहे. शनिवार-रविवारी गळाने मासे मारायचे, घरच्यांना फिरवायचं, एवढाच उपयोग. दोन जुन्या बोटी बघून झाल्यात. पहिली २२ फुटी, पांढरी-निळी, ताजा रंग, चकचकीत स्टीलचं रेलिंग, गाद्या, खाली कार्पेट, स्पीकर आणि मागे ११५ एचपीचं इंजिन. दुसरी २४ फुटी उघडी फायबरची होडी. ती आधी एका मच्छीमाराकडे होती. रंग उडालेला, बसायला साध्या फळ्या, ४० एचपीचं जुनं इंजिन. भाव जवळपास सारखाच. आणि शेवटी विचारलंय, "बायको-मुलांना बसवायचं तर जरा दिसायला बरी नको का?"

मी रत्नागिरी जिल्ह्यात बोटी बांधतो आणि त्याहून जास्त दुरुस्त करतो. वडील लाकडाच्या बांधायचे. मी लाकडावर शिकलो आणि पोट भरलं फायबरवर, त्याला आता ३१ वर्षं झाली. माझा कल दुसऱ्या बोटीकडे आहे, पण ती कळकट दिसते म्हणून नाही. कळकट बोट म्हणजे कष्टाळू बोट, असा एक समज अलीकडे शहरातून येणाऱ्या लोकांत दिसतो. त्याच्या नादी लागू नका. निष्काळजी मालकाची बोटही कळकटच दिसते.

मी बोट बघायला जातो तेव्हा एकच गोष्ट तपासतो, हात पोचतो का. तळाच्या सर्वांत खोल जागेपर्यंत, इंजिन टांगायच्या मागच्या पाटीच्या आतल्या बाजूपर्यंत, पेट्रोलच्या नळीच्या दोन्ही टोकांपर्यंत, प्रत्येक वायर जिथे जोडली आहे तिथपर्यंत आणि प्रत्येक बोल्टच्या नटापर्यंत. समुद्रात जे बिघडतं ते नेमकं याच जागांवर बिघडतं. सजावट म्हणून जे काही बोटीत घालतात, ते नेमक्या याच जागा झाकतं.

कार्पेटचंच घ्या. डेकवर डिंकाने चिकटवलेलं असतं. खारं पाणी त्यात मुरतं आणि ते कधीच पूर्ण वाळत नाही, कारण मीठ हवेतली ओल ओढून घेतं. खाली बहुतेक वेळा फायबरचा पातळ थर चढवलेला प्लायवूड असतो. तो दोन-तीन पावसाळ्यांत कुजायला लागतो. वरून चालताना गुबगुबीत वाटतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय मऊ आहे. अहो, ती मऊ झाली आहे म्हणजे खालचं लाकूड गेलंय. गाद्यांमध्ये साधा स्पंज असेल तर तोही तसाच पाणी पिऊन बसतो. बोटीच्या गादीला पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम लागतो, आणि तो दाबून बघितला की हाताला कडक लागतो, म्हणून दुकानात कुणाला आवडत नाही.

रेलिंगच्या प्रत्येक खांबाला तीन-चार बोल्ट, म्हणजे डेकला तीन-चार भोकं. बोल्टाभोवतीचा सीलंट म्हातारा झाला की तिथून पाणी आत शिरतं आणि डेकच्या दोन थरांमधल्या लाकडात पसरतं. रेलिंग धरून जोरात हलवा आणि बुंध्याशी बघा. फायबरला केसासारख्या गोल चिरा असतील तर तो खांब आतून सुटत चाललाय. स्टील कुठल्या जातीचं आहे हेही विचारा. समुद्राला ३१६ लागतं. ३०४ चालवून घेतात, पण ते तांबूस डाग धरतं. स्वस्तातलं २०२ घरातल्या जिन्याला ठीक. लोहचुंबक लावून ओळखतो म्हणणाऱ्यावर विसंबू नका, कारण तिन्ही जाती चुंबकाला जवळपास सारखाच थंड प्रतिसाद देतात. वेल्डिंगच्या सांध्याशी गंज दिसतोय का, ते बघा. तिथे खोटं बोलता येत नाही. आता मुद्दाम पॉलिश करून आणलं असेल तर गोष्ट वेगळी. मग पावसाळ्यानंतरचा जुना फोटो मागा.

आता रंगाबद्दल. विकायच्या आधी ताजा रंग मारलेली बोट बघितली की मला लग्नाच्या बाजारातला उधार कोट आठवतो. रंग लावूच नये असं नाही. पण फायबरची तब्येत कळते ती जुन्या कातडीवरून. तळाला फोड आलेत का, जुन्या दुरुस्तीची कड दिसते का, कुठे खडकावर घासली आहे का, हे सगळं एक डबा पुट्टी आणि दोन हात रंग यांच्याखाली जातं. अशा बोटीला मी स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने किंवा छोट्या हातोडीने नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत ठोकत जातो. शाबूत फायबर टणक, खणखणीत बोलतं. जिथे थर सुटलेत किंवा खाली पुट्टी भरली आहे तिथे आवाज बसका येतो. कान तयार व्हायला फार दिवस लागत नाहीत, पण शेजारी एखादी चांगली बोट असेल तर आधी ती ठोकून घ्या, म्हणजे फरक कळेल. फोड दिसलाच तर मालकाला विचारून एक फोडा. आतून आंबूस, व्हिनेगरसारखा वास असलेलं पाणी आलं तर पाणी बाहेरच्या थरातून आत मुरून फायबरचे थर चिकटवणाऱ्या रेझिनशी खेळायला लागलंय. एक-दोन फोडांनी बोट बुडत नाही, पण दुरुस्तीला बोट महिनोन् महिने वाळवावी लागते, तेवढा भाव पाडून घ्या. आणि गडद निळा रंग एप्रिल-मेच्या उन्हात इतका तापतो की हात ठेववत नाही. उष्णतेने फायबरमधल्या काचेच्या कापडाची वीण वर उठून दिसायला लागते. आमच्याकडचे जुने लोक होड्या फिक्या रंगाच्या ठेवायचे ते काही उगाच नाही.

तुमच्या दोन्ही बोटींच्या बाबतीत माझा अर्धा वेळ मागच्या पाटीवर गेला असता. हिला ट्रान्सम म्हणतात, इंजिन हिच्यावर टांगलेलं असतं. बहुतेक लहान बोटींत ही पाटी म्हणजे दोन्हीकडून फायबरने मढवलेला प्लायवूड. इंजिनाचे बोल्ट त्यातून आरपार जातात. त्या भोकांतून, पाणी काढायच्या बुचाच्या भोकातून, आणि हौसेने मारलेल्या प्रत्येक स्क्रूतून पाणी आत जातं. स्क्रू कसले? मासे शोधायच्या यंत्राचा सेन्सर, शिडी, नावाची पितळी पट्टी, मागे लावलेले निळे दिवे. लाकूड आतून कुजतं आणि बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. परीक्षा सोपी आहे. इंजिन थोडं वर उचललेल्या स्थितीत त्याच्या खालच्या भागावर दोन्ही हातांनी वजन टाकून वर-खाली हलवा आणि दुसऱ्या माणसाला पाटीकडे बघायला सांगा. पाटी वाकताना दिसली, कडेला चीर उघडझाप करताना दिसली किंवा बोल्टाच्या भोकातून तपकिरी पाणी ओघळलं, तर तिथून घरी जा. पाटी नवी करायची म्हणजे इंजिन उतरवणं, आतून सगळं कापणं, नवं लाकूड बसवून पुन्हा मढवणं. जुन्या बोटीच्या किमतीचा मोठा घास त्यात जातो.

पहिल्या बोटीवर ११५ एचपी आहे. मूळ बांधणाऱ्याने ती पाटी किती वजनासाठी केली होती, हे तुम्हाला कुणी सांगितलं का? आमच्याकडे बांधलेल्या बोटींवर कमाल क्षमतेची पट्टी क्वचितच असते. नंतरच्या मालकाने हौसेने मोठं इंजिन लावलं असेल, तर बोट मागे बसते, बुचाची आणि पाणी वाहून जायची भोकं पाण्याखाली जातात, आणि लाट मागून आली की आत येते. शिवाय पूर्ण जोरात पळवलं तर असं इंजिन तासाला ४० लिटरच्या आसपास पेट्रोल पितं. गळ टाकायला जाणाऱ्याला एवढी घाई कशाची, ते मला कळत नाही.

इंजिनाचं कव्हर किती चमकतं ते सोडून द्या. बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे. हात लावून बघा. मालकाने तुम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर चहा प्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा. थंड इंजिन किती ओढीत किंवा किती सेल्फमध्ये उठतं, ते त्याचं खरं वय. चालू झाल्यावर मागून थंडाव्याच्या पाण्याची धार जोरात पडते का बघा. खालच्या गिअरबॉक्सचा स्क्रू काढून थोडं तेल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर सील गेलंय, पाणी आत शिरतंय. जस्ताचे ठोकळे बघा. ते अर्धे झिजलेले असतील तर उत्तम, म्हणजे ते काम करतायत. नवे कोरे असतील तर विचारा कधी बदलले. आणि त्यांच्यावर कुणी सुंदर रंग मारलेला असेल, तर त्या माणसाला इंजिनाचं काही कळत नाही एवढं नक्की. जस्त उघडं असलं तरच ते स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतं.

वायरिंगवर फार लिहीत नाही. स्पीकर आणि दिवे ज्या बॅटरीवर चालतात तिच्यावरच इंजिन सुरू होत असेल तर एक ना एक दिवस तुम्ही सुवर्णदुर्गाच्या बाहेर गाणी ऐकत अडकून पडाल. वायरचं टोक सोलून बघा. तांबं काळं पडलं असेल तर ती घरगुती वायर आहे. समुद्रासाठी कथलाचा मुलामा दिलेली येते.

आता माझीच गोष्ट सांगतो, कारण दिखाव्याला मीही भुललो आहे, आणि तेही हा धंदा करत असताना. १९९८ साली मी स्वतःसाठी पहिली बोट केली, २८ फुटी, आत डिझेल इंजिन. बांधून झाली तेव्हा झकास होती. मग मला वाटलं, वर एक सागवानी छप्पर करावं, त्याला लाकडी कठडा, म्हणजे चार माणसं वर बसतील आणि जेटीवरून लोक बघतील. लोकांनी बघितलंही. मार्चमधल्या एका दुपारी खाडीत परत येत होतो. वायव्येचा वारा चढलेला, सुकती म्हणजे ओहोटी लागलेली. बाहेर पडणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा तोंडावर भिडल्या की लाट कशी उभी राहते, ते खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्यांना सांगायला नको. छपरावर चार जण. एक लाट कुशीवर आली आणि बोट कलली. एरवी ती कलायची आणि झटक्यात सरळ व्हायची. त्या दिवशी कलली आणि तिथेच विचार करत थांबली. माझा मामा सुकाणूवर होता. तो वरच्यांना एकच शब्द ओरडला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. चौघे धडाधड खाली आले आणि बोट उठली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः करवत घेऊन ते छप्पर कापलं. त्यातल्या सागाचं घरात कपाट केलं, ते अजून आहे.

त्यातून एक गोष्ट शिकलो, ती गिऱ्हाइकांना पटवायला मला सगळ्यात कठीण जातं. जी बोट झटके देऊन सरळ होते ती लोकांना रांगडी वाटते, आणि जी हळूहळू, झोक्यासारखी डुलते ती ऐषारामी वाटते. खरं उलट आहे. झटक्यात उठणाऱ्या बोटीचं वजन खाली आहे. सावकाश डुलणारीचं वजन वर चढलंय आणि तिची सरळ व्हायची ताकद कमी झाली आहे. पहिली बोट पाण्यात उभी असताना तिच्या रेलिंगसकट, गाद्यांसकट, सगळी माणसं एका कडेला उभी करा आणि एकदम मधे या. किती वेळात सरळ होते ते मोजा. मग दुसऱ्या बोटीवर तेच करा. हा खर्च शून्य रुपयांचा आहे.

ज्यांना हे सगळं गावठी शहाणपण वाटतं त्यांच्यासाठी मुंबईचंच उदाहरण. १९६०च्या दशकात कुलाब्याच्या एका वर्कशॉपमध्ये 'सुहेली' नावाची ३२ फुटी शिडाची बोट बांधली गेली. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, तेव्हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होते. लाकूड सागवान, सुतार आपले, हत्यारं लाकूड तासायचा वाकस आणि भोकं पाडायचा सामता, या जातीची. आराखडा १९२०च्या दशकातला, नॉर्वेच्या जुन्या बचावबोटींच्या वळणाचा. दोन्ही टोकं निमुळती, पोट रुंद, वजन दणकट. त्या काळातही ती जुनाटच दिसायची. १९६८ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता जगाला फेरी मारायची शर्यत लागली तेव्हा त्यांनाही नवी, मोठी बोट हवी होती. पैसे जमले नाहीत, म्हणून हीच घेऊन निघाले. एकंदर नऊ जण निघाले होते. त्यांतल्या काहींच्या बोटी हिच्याहून कितीतरी वेगवान होत्या. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, फाल्मथ बंदरात परत आली ती एकटी 'सुहेली'.

लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला तिच्यातलं वेगळंच आवडतं. निघाल्यावर थोड्याच आठवड्यांत, अटलांटिकमध्ये केप व्हर्देच्या आसपास, बोटीत पाणी यायला लागलं. तळाजवळच्या फळ्यांचा सांधा दोन्ही बाजूंनी उघडला होता. हा माणूस पाण्याखाली बघायचा मुखवटा लावून बोटीखाली उतरला आणि फटीत कापूस ठोकायला लागला. एका दमात जेवढं होईल तेवढं, मग वर, मग पुन्हा खाली. नुसता कापूस राहीना, तेव्हा कापडाच्या पट्टीवर कापूस शिवून ती तांब्याच्या खिळ्यांनी ठोकली आणि वरून तांब्याचा पत्रा मारला. गळती आटोक्यात आली. पुढे रेडिओ बंद पडला, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या खराब झाल्या, आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं. 'सुहेली' न बिघडणारी बोट नव्हती, ती सतत बिघडत होती. पण जे बिघडलं त्यातल्या बहुतेक ठिकाणी एका माणसाचा हात, हातोडा आणि खिळा पोचत होता. मी ट्रान्समच्या आत हात घालून बघा म्हणतो ते याच अर्थाने.

दिसण्याला काहीच किंमत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. काही दिसणं म्हणजेच काम असतं. दोरांची टोकं नीट बांधलेली आहेत, वायरी पट्ट्यांनी आवळून एका ओळीत नेल्या आहेत, तळ कोरडा आणि पुसलेला आहे, नांगराची साखळी गुंतलेली नाही. अशी बोट बघितली की माझा अर्धा संशय तिथेच उतरतो. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी शाकारून ठेवणारा मालक आणि ती तशीच ताडपत्रीत गुंडाळून तिच्या पोटात पाणी साचू देणारा मालक, यांच्या बोटी पाचव्या वर्षी ओळखू येतात. नाळेवर हार असतो, नारळी पौर्णिमेला हळद-कुंकू लागतं, त्यालाही माझी ना नाही. जो माणूस बोटीची पूजा करतो तो निदान वर्षातून एकदा तिच्याकडे नीट बघतो.

आणि बायको-मुलांचं म्हणाल तर ती मागणी दिखाव्याची नाहीच, ती सोयीची आहे. सोय जरूर करा. पाठ टेकायला आडवी फळी, उन्हासाठी काढता-घालता येणारं हलकं कापडी छत, प्रत्येक जागेजवळ धरायला घट्ट दोर किंवा कडी, चढायला शिडी, पाय घसरू नये म्हणून डेकवर वाळू मिसळलेला खरबरीत रंग, आणि प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट. मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालून चालत नाही, पाण्यात ते वर सरकून डोक्यातून निघतं. हे सगळं दुसऱ्या बोटीत थोड्या खर्चात बसतं. पहिल्या बोटीतलं कार्पेट, लायनिंग आणि नको ते स्टील काढायला मात्र मजुरी लागेल, आणि काढल्यावर खाली काय निघेल ते आज कुणालाच माहीत नाही.

कागदपत्रांचं एवढंच. दुसरी बोट मच्छीमाराकडची, म्हणजे तिची नोंदणी मासेमारीची असणार. तुम्हाला ती खाजगी वापरासाठी हवी, तर नोंदणी बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागात आणि मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयात, दोन्हीकडे विचारा. उद्या पर्यटक बसवून चार पैसे कमवावेत असा विचार मनात असेल तर त्याची परवानगी वेगळी, तीही मेरीटाईम बोर्डाकडूनच. इंजिनाचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवून बघा. जी काही रक्कम ठरेल तिचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. तो नाही लागला तर मला मासे पाठवा.

एक राहिलं. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या बोटीच्या चौथ्या फोटोत, पाटीवर डाव्या बोल्टाच्या खाली, चार बोटं लांब काळपट ओघळ दिसतोय. तेलाचा असू शकतो. लाकूड कुजल्याचाही असू शकतो. कोरड्या फडक्याने पुसा, इंजिन वर सांगितल्याप्रमाणे हलवा आणि तासाभराने परत बघा. ओघळ पुन्हा आला तर ही बोटही घेऊ नका. हंगाम संपत आला की मे अखेरीस आणखी बोटी विकायला निघतात.